हेमांगी राऊळ करिता

वही सहा टेबलं फिरून माझ्या हातात परत आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. भागवत खुर्ची मागे कलंडवून, पाय टेबलाखाली ताणून बसले होते.

"झाल्या का सह्या, मामा?"

"सहा झाल्या. राऊळबाईंची राहिली."

"म्हणजे नाहीच झाल्या." त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुमची बाय गेली सावंतवाडीला आणि आम्ही सहा जण इथे हात बांधून बसायचं. मुकादम चारच्या गाडीने कुडाळला परत जाणार, ते पुढच्या महिन्यात उगवणार. तोवर मी काय करू? खिडकीतून बगळे मोजू?"

"तिच्या वडलांना दवाखान्यात ठेवलंय."

"वडलांना मी काही बोललो का? मी वहीला बोलतोय."

बाकीचे हसले. मीही हसल्यासारखं केलं. खिडकीबाहेर ओहोटी लागली होती आणि खाडीचा तळ हळूहळू उघडा पडत होता. फेब्रुवारीचं ऊन त्या ओल्या चिखलावर असं पसरतं की चिखल कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते नजरेला कळत नाही. मी वही घेऊन जिना उतरलो.

आमचं केंद्र खाडीच्या तोंडाशी होतं. चिऱ्याची दुमजली इमारत. खाली नळ्यांची खोली, वर टेबलं, आणि टोकाला थोरल्याची खोली. खाडीच्या तळात लांब नळी ठोकायची, आतला चिखल जसाच्या तसा वर काढायचा आणि त्यातला कुठला थर किती जुना ते शोधायचं, हे तिथलं काम. होडी माझ्याकडे असे. तीस वर्षं रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढून माझा गुडघा गेला, तेव्हा केंद्रप्रमुख खानविलकर सरांनी मला केंद्रात घेतलं. होडी चालवायची आणि उरलेल्या वेळात वर लागेल ते करायचं. वय एक्कावन्न. नाव बाबल तारी, पण सगळे मामा म्हणत.

थोरला म्हणजे सगळ्यांचा मिळून एक मोठा संगणक. टेबलाटेबलावर धाकटे होतेच, पण थरांची वर्षं काढणारं सॉफ्टवेअर एकट्या थोरल्यात होतं आणि सातही जण त्याच्यावरच काम करत. नळीत सापडलेल्या शिंपल्यांचे, कुजक्या पानांचे आकडे बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून येत. ते थोरल्याला दिले की तो लाखो वेळा मांडून, मोडून, पुन्हा मांडून बघायचा आणि मग सांगायचा की हा थर अमुक वर्षाचा. त्याला दिवसच्या दिवस लागत. त्याच्या खोलीत कायम गारवा. चपला दाराबाहेर काढूनच आत जायचं. आत एकसारखी घुमघुम चाललेली असे, शंख कानाला लावल्यासारखी. जेवणानंतर मी तिथे भिंतीला टेकून बसायचो. डोळा लागायचा, आणि मला दिसायचं की तो चिखलात खाली खाली उतरतोय, एकेक वर्ष पायाने चाचपत, कसलीही घाई नसलेल्या माणसासारखा.

वहीचा नियम सरांनी घातला होता. दोन वर्षांपूर्वी कुणी तरी कुणाला न सांगता थोरल्यात काही बदललं आणि तिघांची गणितं चुकली. तेव्हापासून नवं काही बसवायचं किंवा जुनं काढायचं असलं की वहीत सूचना लिहायची, मी ती टेबलाटेबलावर न्यायची, आणि सातही सह्या झाल्या तरच थोरल्याची देखभाल करणाऱ्या मुकादमांनी त्याला हात लावायचा. एक सही कमी असली तर मुकादम चहा पिऊन परत जायचे. तसे ते दोनदा गेलेही होते.

त्या दिवशीची सूचना मी स्वतः वाचली होती. वर्षं काढण्याचं नवं सॉफ्टवेअर बसवायचं आहे, जुनं काढायचं आहे, हरकत नसल्यास सही करावी. एवढं वाचायला मला जिन्याच्या पायरीवर बराच वेळ लागला, पण वाचलं. मला वाचता येतं हे केंद्रात एकाच माणसाला ठाऊक होतं. हेमांगी राऊळला, माझ्या बायला.

तिच्या एकतीस नळ्या होत्या. खालच्या खोलीत लाकडी फळ्यांवर त्या शेजारी शेजारी निजवून ठेवलेल्या असत, ओल्या फडक्यात गुंडाळून. प्रत्येक नळीवर तिचं नाव, जागा आणि आकडा. मी चुकीची नळी वर नेऊ नये म्हणून ती मला चिठ्ठ्या ओळखायला शिकवू लागली. ओळखता ओळखता मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता गिरवायला. आम्ही दोघं आपसात मालवणीतच बोलायचो. सगळ्यांना कळावं म्हणून इथे सरळ लिहितो आहे.

"हे काय लिहिलंय, मामानू?"

"हेमांगी राऊळ."

"आणि खाली?"

"खाली पण हेमांगी राऊळच असणार. तुझ्या नावाशिवाय काय आहे इथे?"

ती हसायची. एकतीस नळ्यांवर एकच नाव. मला तेच आधी यायला लागलं.

सह्यांच्या त्या शुक्रवारी मी नळ्यांच्या खोलीत स्टुलावर बसलो आणि वहीची मागची पानं चाळली. एका पानावर भागवतांनी कदमांसाठी सही केली होती. "कदम करिता", असं लिहून. करिता म्हणजे काय ते मी बायला पूर्वी विचारलं होतं. माणूस हजर नसला की त्याच्या वतीने दुसरा सही करतो, ती म्हणाली होती.

ते मला लगेच पटलं होतं. रापणीला दोन दोर असतात आणि चाळीस माणसं. एखादा तापाने घरी पडला तर त्याच्या शेजारचा त्याच्या जागेवर हात घालतो. कुणी विचारायला जात नाही. जाळं ओढलं जातं, आणि मासळीचे वाटे पडतात तेव्हा आजाऱ्याचा वाटा त्याच्या घरी जातो. उलट त्याची जागा मोकळी राहिली तर घरच्यांना वाईट वाटतं, की आपल्या माणसाकरता कुणी उभं राहिलं नाही.

वर सहा माणसं बायच्या नावाने बोटं मोडत होती. तिची जागा मोकळी होती. जुनं काढायचं, नवं बसवायचं म्हणजे काय, ते मी माझ्या परीने समजलो होतो. होडीच्या फळ्या आम्ही तशाच बदलत असू. फळी बदलली म्हणून होडीने आजवर कापलेलं पाणी वाया जात नाही.

मी पेन घेतलं. वहीत लिहायची ती माझी पहिलीच वेळ. खोलीत चिखलाचा ओला वास होता आणि वरून घुमघुम ऐकू येत होती. समोरच्या नळीवरचं नाव बघत बघत मी लिहिलं, आणि पुढे वहीतला तो शब्द बघून लिहिला. हेमांगी राऊळ करिता. लिहून झाल्यावर मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

मुकादमांनी सह्या पेनाच्या टोकाने मोजल्या. इरफान मुकादम म्हणजे सडसडीत माणूस, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं हळू. चपला काढून ते थोरल्यासमोर बसले. भागवत दारात उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे.

"राऊळ मॅडमचं काही तरी चालू दिसतंय," मुकादम पडद्याकडे बघत म्हणाले. "अकरा दिवस झालेत. थांबवावं लागेल. त्यांना माहीत आहे ना?"

"सही आहे की," भागवत म्हणाले.

"करिता आहे."

"मग करिता कुणी विचारल्याशिवाय करतं का? मामा, वही तुम्ही फिरवलीत. विचारलंय ना बाईंना?"

मुकादमांनी खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. पायाखालची फरशी गार होती. मी मान हलवली. होकाराची.

मग घुमघुम थांबली. पहिल्यांदाच मी ती खोली गप्प ऐकली. थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू झाली, आणि मला वाटलं, झालं, फळी बसली.

सोमवारी बाय परत आली. वडील बरे होते. तिने माझ्यासाठी ओले काजूगर आणले होते, केळीच्या पानात बांधून. "काकींना द्या, उसळ करा म्हणावं," एवढं बोलून ती वर गेली. मी खाली फडकी भिजवत होतो. बराच वेळ वरून काहीच ऐकू आलं नाही. मग ती जिना उतरून आली आणि नळ्यांच्या खोलीत स्टुलावर बसली. पायात चपला नव्हत्या.

"मामा, माझं थांबवलंय."

"पुन्हा सुरू होईल ना?"

"होईल. पहिल्यापासून." तिने हाताची बोटं उघडली आणि मिटली. "वीस दिवसांचं काम होतं. अकरा झाले होते. आज तेरा तारीख. अठ्ठावीसला प्रबंध द्यायचाय."

"एक तारीख चुकली तर काय होतं?"

"नाव जातं विद्यापीठातून. पाच वर्षं संपतात मामा माझी, अठ्ठावीसला. मुदत वाढवून देतात, पण केंद्राने लिहून दिलं तर. की उशीर आमच्या चुकीने झाला, मुलीच्या नाही."

"मग सर लिहून देतील."

"माझी सही आहे म्हणतात वहीत."

मी फडकं पिळलं. ते आधीच पिळलेलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर शब्द बाहेर पडला असता इतका तो जवळ होता. पण त्याच महिन्यात केंद्रातून माणसं कायम करण्याची यादी वर जायची होती आणि तिच्यात माझं नाव होतं. घरी बायकोने ते शेजारणीला सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, "चहा आणू का?" आणि चहा आणायला गेलो.

मंगळवारी सरांनी तिला बोलावलं. मी बाहेर बाकावर होतो आणि दार उघडं होतं.

"नियम पाळला गेलाय, राऊळ. सात सह्या आहेत."

"ती माझी नाही, सर."

"करिता आहे, तुमची नसणारच. पण कुणी उगाच करत नाही. फोनवर कुणाला तरी हो म्हणाला असाल. वडलांच्या धावपळीत लक्षात राहिलं नसेल."

"मी कुणाला हो म्हटलं नाही."

"मग कुणी केली ते सांगा. बाकीचे सगळे नाही म्हणतात. मी विद्यापीठाला काय लिहू, भुताने सही केली म्हणून?"

ती वहीकडे बघत राहिली. मला तिची पाठ दिसत होती आणि वेणीचं टोक. पंखा फिरत होता. मग तिने वही मिटली.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

तो आणि पुढचा असे दोन दिवस मी पाण्याखालून चालल्यासारखे काढले. माणसं बोलत होती ते मला लांबून ऐकू येत होतं. बुधवारी कुणालाच कुठे जायचं नव्हतं, तरी मी होडी काढली आणि खाडीच्या मधोमध जाऊन वल्ही आत घेतली. पाणी इतकं स्थिर होतं की होडी सरकते आहे हे काठावरच्या खारफुटीकडे बघूनच कळत होतं. या पाण्याखाली चिखल आणि चिखलाखाली चिखल. कुणाच्या तरी पणजोबाच्या वेळची पानं, त्याच्याही खाली कुणाला नाव ठाऊक नाही अशा माणसांच्या वेळचे शिंपले. बाय म्हणायची की तेराव्या नळीत एका जागी चार बोटं पांढरी रेती आहे. समुद्राने कधी तरी एकाच फेऱ्यात ती आत आणून टाकली असावी. ते कुठल्या वर्षी, हे तिला काढायचं होतं. पाच वर्षं ती त्या चार बोटांपाशी उभी होती. मी डोळे मिटले तर मला ती रेती दिसली आणि तिच्यावर कुणी तरी बोटाने लिहिलेलं नाव, आणि पाणी येऊन ते पुसलं जात नव्हतं.

गुरुवारी सरांनी मुकादमांना कुडाळहून बोलावून घेतलं. सगळे सरांच्या खोलीत जमले. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो तेव्हा सर बोलत होते. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागत होतं.

"काम चालू दिसत होतं तुम्हाला. अकरा दिवसांचं. तरी थांबवलंत."

"सही होती, सर," मुकादम म्हणाले.

"करिता होती. एक फोन करायला काय झालं होतं? तुम्ही कुणाला विचारलंत तरी का?"

मी ट्रे धरून उभा होतो. मुकादमांनी एकदा मान वर केली. त्यांची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही, आणि सरांच्या टेबलावरच्या कागदांवर जाऊन बसली. भागवत खिडकीबाहेर बघत होते.

"चूक झाली," मुकादम म्हणाले.

"पुढच्या वर्षी मला दुसऱ्या कुणाला बघावं लागेल, मुकादम. वाईट वाटतं सांगायला."

"बरोबर आहे, सर."

"ती सही मी केली," मी म्हटलं.

आधी कुणी लक्षच दिलं नाही. सरांनी हात पुढे केला, त्यांना वाटलं मी चहा देतोय. मी ट्रे खाली ठेवला आणि पुन्हा म्हटलं.

"वहीतली सही. बायच्या नावाची. मी केली."

"मामा," सर थकल्यासारखे म्हणाले, "तुमचा बाईंवर जीव आहे ते मला माहीत आहे. पण असं मध्ये पडून काही होत नाही."

"हजेरीला अंगठा लावतात ते, सर," भागवत म्हणाले. कुणी तरी नाकातून हसलं. "मामा, उद्या म्हणाल प्रबंधही मीच लिहिला."

"मुकादमसाहेबांनी विचारलं होतं," मी म्हटलं. "मला विचारलं होतं. बाईंना माहीत आहे का म्हणून. मी हो केलं. तुम्ही दारात होता, भागवतसाहेब."

भागवतांचं हसू गेलं. बाय भिंतीजवळ बसली होती, मांडीवर हात ठेवून.

भरती-ओहोटीच्या वेळांचा एक छापील कागद टेबलावर होता. सरांनी तो उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला. "लिहून दाखवा," ते म्हणाले.

त्यांचं पेन जड होतं. मी उभ्यानेच वाकलो. सगळे बघत होते आणि मला एकतीस नळ्या दिसत होत्या, ओल्या फडक्यात निजलेल्या. त्यांतली एक मी मनात पुढे ओढली आणि बघून लिहायला लागलो. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. चहावर साय धरली होती, एवढं आठवतं. हेमांगी राऊळ करिता.

सरांनी कागद वहीशेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मग चष्मा काढला.

"आता खाली तुमचं नाव लिहा. आणि आजची तारीख."

"ते येत नाही अजून," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"माझं नाव येत नाही. नळ्यांवर नव्हतं ते."

भागवतांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. या वेळी ते बगळ्यांकडे बघत नव्हते हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"का केलीत?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं. रापणीचं, आजाऱ्याच्या जागेवर हात घालण्याचं, फळी बदलण्याचं. खानविलकर सर रत्नागिरीकडचे, त्यांनी रापण पाहिली होती. ते हसले नाहीत.

"दोर ओढायला हात कमी पडला की दुसऱ्याने धरायचा, हे ठीक आहे," ते म्हणाले. "पण वहीतली जागा ओढण्यासाठी नव्हती, बाबल. ती थांबवण्यासाठी होती. बाईंना 'थांबा' म्हणायला तेवढी एकच जागा होती, ती तुम्ही भरून टाकलीत."

केंद्रात मला त्यांनी नावाने हाक मारली ती तेवढीच.

त्यांनी तिथेच जबाब लिहून घेतला आणि मी त्याखाली अंगठा लावला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला पत्र गेलं की उशीर केंद्राच्या चुकीने झाला. बायला तीन महिन्यांची मुदत मिळाली. त्या गुरुवारी मुकादमांनी चारची गाडी सोडली. कपाटातल्या जुन्या चकत्यांमधून त्यांनी आधीचं सॉफ्टवेअर शोधून काढलं आणि थोरल्यात नव्याच्या शेजारी बसवलं. ज्याचं काम ज्याच्यावर सुरू झालंय त्याने ते त्याच्यावरच संपवायचं, इथून पुढे जुनं कधी काढायचं नाही, असं त्यांनी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वही ते स्वतः टेबलाटेबलावर घेऊन फिरले. ती माझ्याकडून काढून घेतली होती. कायम होणाऱ्यांच्या यादीतूनही माझं नाव सरांनी काढलं. मला तसं सांगून काढलं. पुढे नऊ वर्षं मी हंगामीच राहिलो.

त्याच गुरुवारी संध्याकाळच्या आधी मी धक्क्यावर होडी धूत होतो. पाणी चढत होतं. बाय येऊन पायरीवर बसली. वर तिचं काम पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झालं होतं.

"मला मंगळवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "वही उघडली तेव्हाच. माझ्या गीची वेलांटी अशी शेपटासारखी या जगात दुसरं कोण काढतं?"

मी नारळाच्या कवटीने पाणी उपसत राहिलो.

"मग बोलली का नाहीस गो?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते."

"आणि मी बोललो नसतो तर?"

"उद्या दुपारपर्यंत थांबणार होते. उद्या शुक्रवार. जेवणानंतर सरांना सांगणार होते."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन." ती पाण्याकडे बघत होती. "तुमचं काम गेलं असतं तरी. पाच वर्षं हा चिखल उपसलाय मी, मामा. तुमच्यासाठी सोडून दिला नसता."

ते ऐकून मला जे वाटलं ते मी नंतर अनेकदा आठवून बघितलं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. तिने माझ्यापायी गप्प राहून सगळं घालवलं असतं तर ते मी कुठे ठेवलं असतं? मी होडीच्या काठावर बसलो.

"बरं केलं असतंस," मी म्हटलं.

"राग आलाय मला अजून."

"येऊ दे."

भरतीचं पाणी दुसऱ्या पायरीला लागलं, मग तिसऱ्या. समोरच्या काठावरची खारफुटी पाण्यात उलटी उभी होती आणि खरी कुठली, उलटी कुठली, ते हळूहळू कळेनासं झालं.

"सोमवारी सकाळी लवकर या," ती उठता उठता म्हणाली. "तुमचं नाव शिकवते. सरांपुढे असं उभं राहायला लागू नये परत."

"आधी मुकादमांचं शिकव."

"त्यांचं कशाला?"

"त्यांनी माझं नाव घेतलं नाही. सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. त्यांना पत्र लिहायचंय."

"मी लिहून देते की. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"नको," मी म्हटलं. "माझं मी लिहितो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पायरीवर बसली आणि ओल्या दगडावर बोटाने पहिलं अक्षर काढून दाखवलं.

ते पत्र लिहायला मला मार्च संपेपर्यंत वेळ लागला. तीनच ओळी होत्या. वर त्यांचं नाव नीट आलं. मी कागद घडी करायला लागलो तेव्हा बायने हात धरला. पत्राखाली लिहिणाऱ्याचं नाव लागतं, ती म्हणाली. म्हणून मग मी माझं शिकलो.